दारू सुटली की आतलं वर येतं : नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

मी नऊ वर्षं रोज पीत होते. सोडायचा प्रयत्न चारदा केला. पहिल्यांदा कुणालाही न सांगता, एकटीनं, एकदम बंद केली. तिसऱ्या रात्री भिंतीवर माणसं दिसायला लागली आणि बहिणीनं मला दवाखान्यात नेलं. दुसऱ्यांदा सोडून जेमतेम तीन आठवडे झाले होते. तेव्हा समुपदेशनाच्या एका बैठकीत लहानपणीचं सगळं, बारीकसारीक तपशिलांसकट, बोलून टाकलं, घरी गेले आणि प्यायले. तिसऱ्यांदा अकरा महिने निघाले, पण त्या अकरा महिन्यांत मी आत काय आहे तिकडे एकदाही पाहिलं नाही, कामात बुडून राहिले. एका संध्याकाळी शेजारच्या दाराची कडी वाजली आणि तासाभरात ग्लास हातात होता.

चौथ्यांदा जमलं. त्या वेळी माझा निग्रह जास्त होता असं मला वाटत नाही, क्रम बरोबर पडला. आधी शरीर, मग दिवसाची घडी, मग स्वतःला ओळखणं, आणि त्यानंतर जुनी जखम. हा क्रम मला कुणी कागदावर लिहून दिला असता तर काही वर्षं वाचली असती, म्हणून तो इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिलं आहे ते डॉक्टरांना काय विचारायचं हे कळावं एवढ्यासाठी. गोळी आणि डोस तेच ठरवतील.

सुरुवात करण्याआधी जवळ काय ठेवायचं

- एक कागद : काय घेता, किती, किती वर्षं, आणि शेवटचं कधी घेतलं.
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्याही त्यात हव्यात.
- जुने रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड. आधी कधी फिट आली असेल किंवा भास झाले असतील तर ते मोठ्या अक्षरात लिहा.
- तीन माणसांची नावं आणि नंबर, कागदावर. ऐन वेळी फोनमध्ये नाव शोधायला हात स्थिर नसतो.
- स्थानिक आपत्कालीन सेवेचा आणि आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनचा नंबर, त्याच कागदावर.
- एक साधी वही.

पहिल्या कागदावरचा आकडा खरा लिहा. मी पहिल्या डॉक्टरांना लाजेपोटी निम्मा आकडा सांगितला होता, आणि त्यांनी निम्म्या आकड्याच्या हिशेबानंच औषध दिलं.

१. एकदम बंद करण्याआधी डॉक्टर गाठा

या पायरीवर चूक झाली तर जीव जाऊ शकतो, म्हणून ती आधी सांगते.

दारू मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देते आणि उत्तेजित करणारीला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं रोज प्यायलं की मेंदू तोल सांभाळायला उलट्या दिशेनं ताण वाढवत जातो. मग एक दिवस दारू अचानक बंद होते, पण तो ताण तसाच उरतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. फिट यायची असेल तर ती बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. भास, भान हरपणं, ताप, नाडी बेफाम धावणं या गंभीर अवस्थेला डॉक्टर ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. ती सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उभी राहते. म्हणून ‘पहिला दिवस तर बरा गेला’ यावर विसंबू नका.

पदार्थ वेगळा तर धोकाही वेगळा :

झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, डायझेपाम या गटातल्या) मनानं एकदम थांबवायच्या नाहीत. त्या हळूहळू कमी कराव्या लागतात, नाहीतर त्यातही फिट येऊ शकते.

हेरॉइन, ब्राउन शुगर किंवा अफूवर्गीय गोळ्या बंद केल्यावर येणारी ‘टर्की’, म्हणजे नशा सुटल्याचा शारीरिक त्रास, असह्य असते, पण खरा घात त्यानंतर होतो. काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि जुनाच डोस श्वास थांबवतो. या व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही उपचाराची औषधं आहेत. ‘एका नशेऐवजी दुसरी’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, त्या औषधांनी मृत्यू टळतात.

डॉक्टरांना विचारा : डिटॉक्ससाठी, म्हणजे शरीरातून नशा सुरक्षितपणे उतरवण्यासाठी, भरती व्हावं लागेल की घरी चालेल? व्हिटॅमिन बी-१ देणार का? रोज पिणाऱ्यांच्या शरीरात ते कमी पडलेलं असतं आणि त्याच्या अभावानं मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तलफ कमी करणारी नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधं मला चालतील का? नालट्रेक्सोन अफूवर्गीय औषधं चालू असताना घेता येत नाही, म्हणून वरची यादी पूर्ण हवी.

घरच्यांसाठी एक विनवणी. डायसल्फिरॅम नावाची गोळी असते. ती घेतल्यावर दारू प्यायली की अंग लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ज्यानं ती समजून-उमजून घेतली त्याला तिची मदत होते. पण न सांगता जेवणात मिसळून देऊ नका. त्या माणसाला धोका माहीतच नसतो, आणि तो पितो.

२. पहिले सहा आठवडे : मोठं काही ठरवू नका

नोकरी सोडायची का, नातं तोडायचं का, आईवडिलांना जाब विचारायचा का, हे सगळं पुढे ढकला. झोप विस्कटलेली असेल, स्वप्नं भयानक पडतील. दारूनं स्वप्नांची झोप दाबून ठेवलेली असते, ती सुटली की उसळून येते. मला पहिला महिनाभर रोज तेच स्वप्न पडायचं आणि मी वेडी होते आहे असं वाटायचं. वेड लागत नव्हतं, झोप परत येत होती.

ठरल्या वेळी उठा, जेवा, थोडं चाला, आंघोळ करा. घरात असलेला साठा दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा, तुम्ही ओतायला जाऊ नका. एवढंच.

३. वही : दिवसाला तीन ओळी

‘स्वतःला ओळखा’ असं सगळेच सांगतात. कसं, ते कुणी सांगत नाही. मला ते वहीनं शिकवलं, म्हणून इथे जरा थांबते.

व्यसनात माणसाला स्वतःच्या अंगात काय चाललंय हेच कळेनासं होतं. भूक लागली तरी प्यावंसं वाटतं, राग आला तरी, थकवा आला तरी आणि आनंद झाला तरी. सगळ्या हाकांना एकच उत्तर दिलं गेलं, त्यामुळे हाका वेगळ्या ऐकूच येत नाहीत. वहीचं काम त्या पुन्हा वेगळ्या करायचं.

रोज, आणि तलफ आली की लगेच, तीन गोष्टी लिहा : वेळ. शरीरात काय झालं. त्याआधीच्या तासात काय घडलं. बस. कारणं शोधू नका, स्वतःला बोल लावू नका, सुंदर लिहायचा प्रयत्न करू नका. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे :

*संध्या. ६.४०. मान आखडली, उजव्या हाताची मूठ वळलेली, तोंड कोरडं. त्याआधी : भांडी घासत होते. शेजारी कडी वाजली.*

ही नोंद केली तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. पाच आठवड्यांनी पानं मागे चाळली तेव्हा सात नोंदींमध्ये कडी, किल्ली किंवा जिन्यावरची पावलं होती, आणि सातही वेळा आधी मान आखडली होती, तलफ नंतर आली होती. लहानपणी आमच्या घरात रात्री कडी वाजली की पुढचा तास कसा जाणार हे कडी वाजण्याच्या पद्धतीवरून कळायचं. मी चाळिशीत होते, वडील जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि माझी मान अजून त्या दारावर पहारा देत होती. दारू त्या मानेसाठी होती.

शरीरातली खूण तलफेच्या आधी येते, हे कळलं की हाताशी काही मिनिटं येतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या मिनिटांवर उभ्या आहेत.

इथले तीन सापळे :

वही वाचून स्वतःवर खटला भरणं. ‘आज पुन्हा तेच’ असं मनात आलं की पान उलटा.

मोबाइलवरच्या चाचण्या देऊन स्वतःला पाच आजारांची नावं चिकटवणं. निदान तज्ज्ञाकडून घ्या.

बालपणीच्या आघातांचा ‘स्कोअर’ काढून खचणं. १९९८ साली व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बालपणी चार किंवा अधिक प्रकारच्या वाईट अनुभवांतून गेलेल्यांमध्ये व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आढळलं. मला तो निष्कर्ष वाचून हायसं वाटलं, कारण माझी दारू आकाशातून पडलेली नव्हती. पण तो हजारो लोकांचा एकत्र हिशेब आहे. तुमचं एकट्याचं भविष्य त्यातून काढता येत नाही.

४. तलफ आली की काय करायचं

आधी चार प्रश्न : भूक लागली आहे? राग आला आहे? एकटं वाटतंय? थकलो आहे? नशामुक्तीच्या कामात ही चौकडी सगळीकडे शिकवतात, आणि निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं. खा, झोपा, कुणाला तरी फोन करा.

उत्तर सापडलं नाही तर घड्याळ लावा. तलफ लाटेसारखी चढते, माथ्यावर पोचते आणि ओसरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. मानसशास्त्रज्ञ ॲलन मारलॅट यांनी तिच्याशी झुंजण्याऐवजी तिच्यावर स्वार होऊन पाहत राहायची पद्धत मांडली. करायचं एवढंच : ती शरीरात कुठे आहे ते शोधा. घशात? छातीत? गरम आहे की घट्ट? वाढते आहे की थांबली आहे? दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा पाहा. पहिल्यांदा हे करताना मी बाथरूमच्या फरशीवर बसले होते आणि बावीस मिनिटं लागली. पुढच्या वेळी तेरा.

आणि जुना प्रसंगच डोळ्यांसमोर आला, आपण आत्ता कुठे आहोत याचं भान सुटायला लागलं, तर लाट पाहत बसू नका. तेव्हा काम वेगळं, भान आत्ताच्या खोलीत परत आणायचं. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या. तळपाय जमिनीवर दाबा. तोंडावर गार पाणी मारा. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या. आज कोणती तारीख, माझं वय किती, हे स्वतःला ऐकू येईल असं म्हणा.

डोळे मिटून ध्यान करण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण हा सल्ला प्रत्येक जण देतो. आघात सोसलेल्या काही जणांना डोळे मिटून शांत बसलं की त्रास वाढतो, कारण बाहेरचं सगळं थांबतं आणि आतलंच उरतं. तसं झालं तर तुमच्यात खोट आहे असं समजू नका. डोळे उघडे ठेवा, चालता चालता करा, दोन मिनिटांपासून सुरुवात करा.

५. जुनी जखम : कधी आणि कुणाबरोबर

माझा दुसरा प्रयत्न इथेच फसला. ‘मनातलं सगळं बोलून टाक, मोकळी होशील’ असं मला सांगितलं गेलं होतं. मी बोलले. पन्नास मिनिटं संपली, मला दारापर्यंत सोडलं गेलं, आणि त्या संध्याकाळी उघड्या जखमेसह मी एकटी होते. एका बैठकीत सगळं बाहेर काढणं म्हणजे उपचार, हा समज फार पसरलेला आहे. दुर्घटनेनंतर लगेच लोकांना एकदाच बसवून सगळं बोलायला लावण्याची पद्धत तपासली गेली तेव्हा तिनं नंतरचा त्रास टळत नाही असंच दिसलं, आणि काही अभ्यासांत तो वाढलेला आढळला.

मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक, मग पुन्हा जगाशी जोडलं जाणं. दुसरा टप्पा पहिल्याच्या आधी आणू नका.

याचा अर्थ वर्षानुवर्षं थांबा असाही नाही. पूर्वी ‘आधी व्यसन पूर्ण सोडा, मग आघाताचं बघू’ असं सांगून लोकांना परत पाठवत असत. आता दोन्हींवर एकत्र उपचार करता येतात हे अभ्यासांतून दिसलं आहे. माझा तिसरा प्रयत्न तर थांबून राहिल्यानंच मोडला. म्हणून मी स्वतःला तीन प्रश्न विचारले, ते तुम्हीही विचारा : मला आठवड्यातल्या बहुतेक रात्री झोप लागते का? हादरले तर दहा-पंधरा मिनिटांत स्वतःला परत आणता येतं का? बैठकीच्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी माझ्याबरोबर असेल का? तिन्हींना ‘हो’ आलं की सुरू करा. एखाद्याला ‘नाही’ आलं तर तेच आधी तज्ज्ञांना सांगा, काम तिथून सुरू होईल.

तज्ज्ञ निवडताना पहिल्या भेटीत विचारा :

- आघातावरच्या उपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का, आणि कोणत्या पद्धतीचं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आघातकेंद्री सीबीटी (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणं यांवर काम करणारी) आणि ईएमडीआर (आठवणीवर काम करताना डोळ्यांच्या हालचालींची मदत घेणारी) या दोन पद्धती सुचवल्या आहेत.
- व्यसन असलेल्यांबरोबर काम केलंय का? मी मधेच घसरले तर उपचार थांबवाल का?
- बैठकीत मला थांबायचं असेल तर कसं थांबायचं?

तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे जा. माझ्या आत्ताच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पहिल्या सहा बैठकांमध्ये बालपणाचं नावही काढलं नाही. फक्त पाय जमिनीला लागलेत का, खुर्चीची पाठ जाणवते का, मान कुठे आहे, एवढंच. सातव्या बैठकीत त्या म्हणाल्या, “आज फक्त कडीबद्दल. दाराच्या आत जायचं नाही.” मी कडीबद्दल बोलले : पितळेची होती, वरच्या बाजूला झिजलेली, पावसाळ्यात अडकायची. मान आखडली. आम्ही थांबलो, खिडकीबाहेर पाहिलं. मान सुटली. त्या रात्री मी झोपले. आत जायला पुढे चार महिने लागले.

६. माणसं

एकट्यानं हे करू नका. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना मदत करायचे गट. त्यांची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये झाली तीच मुळी एका पिणाऱ्यानं दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलण्यातून. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ ही ती दोन माणसं. मीटिंगला बसून फक्त ऐकलं तरी चालतं. एक गट रुचला नाही तर दुसऱ्यात जाऊन बघा, निदान पाच-सहा मीटिंगांनंतर मत बनवा. देवाधर्माची भाषा तुम्हाला झेपत नसेल तर तिच्याशिवाय चालणारे गटही आहेत. मीटिंगमध्ये दारूबद्दल मोकळेपणी बोला, आघाताचे तपशील मात्र तज्ज्ञांबरोबरच्या बैठकीसाठी राखून ठेवा. ऐकणाऱ्यांतही जखमी माणसं असतात.

घरच्यांना सगळं सांगायचं बंधन नाही. ‘मला संध्याकाळी सहा ते आठ जड जातं, तेव्हा सोबत हवी’ एवढं पुरेसं आहे.

ज्यानं दुखावलं तो माणूस अजून घरातच असेल, मारहाण चालू असेल, तर आधी सुरक्षित जागा शोधा. वही आणि श्वास त्यानंतर.

७. रिकाम्या झालेल्या जागेत काय येतं

दारू गेली की दिवसाचे चार-पाच तास मोकळे होतात. ती जागा घाईनं भरू नका, कारण तिथे दुसरं व्यसन सहज येऊन बसतं : जुगार, अतिकाम, फोन, एखादं नवं नातं. माझ्या बाबतीत ते काम होतं, आणि कामाचं व्यसन कुणाला दिसतही नाही, उलट कौतुक होतं.

माझ्यात पहिला बदल दिसला तो अगदी लहान होता. बहिणीनं काहीतरी मागितलं आणि मी “नाही जमणार” म्हणाले, कारण न देता. हात थरथरत होते. वहीत नोंद केली. नंतर रागाचं नाव राग, लाजेचं नाव लाज असं घेता यायला लागलं. ज्यांना मी दुखावलं होतं त्यांच्याकडे जाणं बरंच नंतर आलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतली नववी पायरी भरपाई करायला सांगते, पण ज्यानं त्यांना किंवा इतरांना इजा होईल तिथे नको, असंही तीच सांगते. स्वतःचं ओझं उतरवायला दुसऱ्याच्या दारात जाऊ नका.

आणि क्षमा. ज्यानं तुमच्यावर अत्याचार केला त्याला क्षमा केल्याशिवाय बरं होता येत नाही, असं तुम्हाला अनेक जण सांगतील. मी वडिलांना क्षमा केलेली नाही. मी सहा वर्षं प्यायलेले नाही आणि मला झोप लागते.

८. पुन्हा घेतलीत तर

बरेच जण घसरतात, म्हणून काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. एक ग्लास झाला म्हणून बाटली संपवायची नाही. ‘आता सगळं गेलंच’ हा विचार येईल आणि तो पहिल्या ग्लासापेक्षा जास्त नुकसान करतो. तीन नावांपैकी एकाला त्याच रात्री फोन करा, काय झालं ते पहिल्या वाक्यात सांगा. गाडी चालवू नका. अफूवर्गीय पदार्थ असेल तर जुना डोस घेऊ नका, एकटे राहू नका. कुणी उठवून उठत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडले असतील तर आपत्कालीन सेवेला बोलवा आणि नालोक्सोन (अफूवर्गीय पदार्थाचा परिणाम उतरवणारं औषध) मिळत असेल तर द्या. बरेच दिवस सलग प्यायलं गेलं असेल तर पुन्हा पहिल्या पायरीवर जा, एकट्यानं एकदम बंद करू नका. मरावंसं वाटत असेल तर कागदावरचा हेल्पलाइनचा नंबर त्याच क्षणी लावा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना आणि समुपदेशकांना कळवा, लपवलं तर उपचार चुकीच्या माहितीवर चालतात. मग वही उघडा आणि इतर दिवसांसारखीच नोंद करा : वेळ, शरीर, त्याआधीचा तास.